चिठ्ठीतला प्रश्न: दापोली तालुक्यातील मुख्याध्यापकांना खुले पत्र

दापोली तालुक्यातील माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापिका यांस,



तालुक्यातल्याच एका शाळेत दहावीच्या मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. शाळेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मार्गदर्शक बाहेरून आले होते. पडद्यावर आयटीआय, डिप्लोमा, सायन्स, नर्सिंग, मर्चंट नेव्ही अशा वाटा बाण काढून दाखवल्या होत्या आणि प्रत्येक बाणाच्या टोकाला पगाराचा आकडा होता. शेवटी मुलांनी आपले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. फी किती, वसतिगृह मिळते का, मुंबईलाच जावे लागेल का, असे प्रश्न आले आणि त्यांना उत्तरेही नीट मिळाली. एक चिठ्ठी मात्र मार्गदर्शकांनी वाचली, ते किंचित हसले आणि त्यांनी ती बाजूला ठेवली. वेळ संपत आली होती. कार्यक्रमानंतर टेबल आवरताना ती या पत्राच्या लेखकाच्या हाती लागली. लेखक निवृत्त शिक्षक, मराठी ख्रिस्ती, राहणार दाभोळ; त्या दिवशी पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीवर बसला होता. वहीच्या पानाचा कोपरा फाडून लिहिलेली चिठ्ठी, निळी शाई, पहिला शब्द दोनदा गिरवलेला: 'नोकरी लागल्यावर पुढे काय? आणि नाही लागली तर मी कशासाठी?'

खाली नाव नाही.

हे पत्र त्यातल्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

कोकणातल्या माणसाला हे वाक्य नवे नाही, तो ते फक्त कागदावर उतरवत नाही. दोन-तीन पिढ्या या तालुक्यातली घरे मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चालली. कर्ता माणूस मुंबईत, बायका-मुले आणि म्हातारी गावात, गणपती-शिमग्याला तेवढी घरे भरायची. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. त्यांच्या पैशाच्या हालांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण आयुष्यभर 'अमक्या मिलमध्ये साचेवाला' अशी स्वतःची ओळख सांगितलेल्या माणसाने पन्नाशीत अंगणातल्या खाटेवर बसून स्वतःला काय म्हणवून घ्यायचे, याविषयी फार कमी. असे एक गृहस्थ रोज सकाळी सातला दाढी करून, धुतलेला शर्ट घालून एसटी थांब्यावर जाऊन बसत. पहिली गाडी सुटली की घरी परत. कुठे जायचे नसे. त्यांना कोणी हसत नसे, कारण सगळ्यांना कळत होते.

त्या गृहस्थांचा आणि चिठ्ठीतल्या मुलीचा (अक्षर मुलीचे वाटते, चुकतही असेल) प्रश्न एकच आहे. माणूस उपयोगी पडेनासा झाला तर तो कशासाठी असतो? प्रत्येक परंपरेने याचे उत्तर शोधले आहे आणि ती सगळी उत्तरे मुलांच्या कानांवर पडायला हवीत. या पत्रात मांडले आहे ते ख्रिस्ती उत्तर. एक तर लेखकाला तेच जगून ठाऊक आहे. आणि दुसरे म्हणजे, ज्याने ते अस्सल मराठीत दिले तो माणूस याच तालुक्यात जन्मला होता आणि आपल्या मुलांना तो अर्धाच शिकवला जातो.

बायबलच्या पहिल्याच पानावर माणसाच्या निर्मितीची कथा आहे. देव सहाव्या दिवशी माणूस घडवतो, स्त्री आणि पुरुष दोघांनाही आपल्या प्रतिरूपात घडवतो आणि सातव्या दिवशी विसावा घेतो. या क्रमाकडे सहसा कोणी नीट पाहत नाही. सहाव्या दिवशी घडलेल्या माणसाने पाहिलेला पहिला पूर्ण दिवस कोणता? विसाव्याचा. त्याने अजून एक ढेकूळही फोडलेले नव्हते, बागेत एक रोपही लावलेले नव्हते, आणि देवाला तो आवडलेला होता. बागेची मशागत, राखण, प्राण्यांना नावे देणे हे सगळे नंतरचे. काम माणसाला दिलेले आहे आणि ते मानाचे आहे; पण माणूस कामासाठी दिलेला नाही.

हाच विचार पुढे कायदा होऊन येतो. इजिप्तमध्ये इस्राएली लोक विटा पाडणारे गुलाम होते. विटांसाठी लागणारा पेंढाही मिळेनासा झाला, तरी विटांचा आकडा तोच ठेवला गेला. चिरेखाणीवर रोजाने काम केलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्या गुलामगिरीतून सुटलेल्यांना मोशेच्या हातून जे नियम मिळाले त्यांत आठवड्यातून एक दिवस विसाव्याचा होता, आणि तो फक्त मालकाचा नव्हता. नोकराने, दासीने, परक्याने, बैलानेही त्या दिवशी थांबायचे होते. आपल्याकडे गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांची कित्येक वर्षांची खटपट होती आणि रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीत होते. मोशेचा नियम आणि जेजुरीचा वार असे एका मागणीत एकत्र आले, ही महाराष्ट्राची मोठी गोष्ट आहे. गिरण्या रविवारी बंद राहू लागल्या त्यामागे कोण आहे, हे तरी मुलांना सांगावे.

आता आपल्या किनाऱ्याकडे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे मिशनरी कोकणात येऊ लागले. पुण्यात त्यांना सरकार पाऊल ठेवू देईना, म्हणून त्यांनी बाणकोट आणि हर्णै ही ठिकाणे धरली. त्यांतले डोनल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. बाकीच्यांनी मराठी शिकून गावोगाव शाळा काढल्या. पुढे मुंबईत कॉलेज काढणारे जॉन विल्सनही १८२९ मध्ये आले तेव्हा मराठी शिकायला पहिल्यांदा याच भागात राहिले. या मंडळींच्या पंथात लहान मुलांना शिकवायची एक प्रश्नोत्तरी होती, १६४७ साली तयार झालेली, एकशे सात प्रश्नांची. तिचा पहिलाच प्रश्न असा, की माणूस मुख्यतः कशासाठी आहे. चिठ्ठीतला प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांच्या पेटीत होता.

त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दोन भागांत दिले. देवाचा मोठेपणा आपल्या जगण्यातून दिसावा, हा एक. आणि त्याच्या सहवासाचा आनंद कायमचा घ्यावा, हा दुसरा. पहिला भाग धार्मिक पुस्तकात अपेक्षितच होता. दुसऱ्यावर मात्र थांबायला होते. काळे कोट घातलेल्या, कडक शिस्तीच्या, रविवारी हसणेसुद्धा बेताचे ठेवणाऱ्या लोकांनी माणसाच्या अस्तित्वाचे कारण म्हणून 'आनंद' हा शब्द लिहून ठेवला. परीक्षा नाही, कर्तव्य नाही, आनंद. आपल्या वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पंढरीला पोचलेल्या माणसाला तू इथे कशासाठी आलास म्हणून विचारले, तर तो नफा सांगत नाही.

पण इथे एक हिशेब चुकता केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि ख्रिस्ती माणसाने तो स्वतःहून करावा. दाभोळने पाहिलेले ख्रिस्ती लोक काही शाळा घेऊनच आले नव्हते. चौलच्या लढाईत मुलगा मारला गेला म्हणून सूडाला निघालेला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेइदा डिसेंबर १५०८ च्या अखेरीस आरमार घेऊन वाशिष्ठीच्या मुखाशी आला. नाताळ होऊन आठवडाही उलटला नव्हता. त्याने दाभोळ लुटले, जाळले आणि बायकामुलांचीही कत्तल केली; हे पोर्तुगीजांच्याच इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्याच्या शिडांवर क्रूस होते. शत्रूवर प्रेम करायला सांगणाऱ्याचे नाव घेऊन आलेल्या या माणसाने आपले जगणे कशासाठी ठरवले होते? मुलाच्या बदल्यासाठी. वर्गात ख्रिस्ती विचार मांडणाऱ्याने सुरुवात या गोष्टीने करावी, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. ती लपवून सांगितलेले पुढचे काहीही मुले खरे मानणार नाहीत, आणि मानूही नये.

आल्मेइदाच्या साधारण पस्तीस वर्षे आधी याच बंदरात दुसरा एक ख्रिस्ती उभा होता. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन, १९५७ च्या 'परदेसी' चित्रपटाचा नायक. व्होल्गेच्या काठी त्याला लुटारूंनी लुटले, त्यात त्याची धर्मपुस्तके गेली. तो चौलला उतरला, जुन्नरला आला. तिथे त्याचा घोडा जप्त झाला आणि धर्म बदललास तर घोडा परत मिळेल, असे त्याला सांगण्यात आले. तो बदलला नाही. पुढे बिदरला राहिला, लोकांत मिसळला. पुस्तके नसल्यामुळे त्याला उपवासाचे दिवस कळेनात, पुनरुत्थानाचा सण कधी येतो ते कळेना. अंदाजाने तो सण पाळी आणि त्याबद्दल हळहळत राही. आपल्या वहीत त्याने हे पुन्हा पुन्हा लिहिले आहे. शेवटी घरच्या ओढीने तो दाभोळला आला, होर्मुझपर्यंतच्या प्रवासाचे दोन सोन्याचे होन मोजले आणि जहाजात बसला. तो त्वेरला कधी पोचला नाही, स्मोलेन्स्कच्या वाटेवर वारला. वही तेवढी मॉस्कोला पोचली. तिच्या अखेरीस देवाची प्रार्थना आहे, मोडक्यातोडक्या अरबीत, मुसलमान सोबत्यांकडून कानावर पडलेल्या नामांनी केलेली.

या माणसाला व्यापारात फारसे काही मिळाले नाही. करिअर मार्गदर्शनाच्या पडद्यावर त्याचा बाण कुठेच पोचत नाही. तरी दाभोळच्या धक्क्यावर उभा असताना तो 'मी कशासाठी' या प्रश्नाच्या जितका जवळ होता, तितका तोफा घेऊन आलेला व्हाइसरॉय नव्हता. आज दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट सुटते तिथे, गाड्या बोटीवर चढताना, एकाच मोठ्या घुमटाच्या त्या आदिलशाही मशिदीकडे पाठ करून खाडीच्या मुखाकडे पाहिले की हे दोघे आठवतात. समोर अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्प दिसतो, ज्याने 'दाभोळ' हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत नेले. त्याची विदेशी मूळ कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोर झाली. गाव जिथे होते तिथेच आहे.

आणि आता तो माणूस, ज्याच्यासाठी हे पत्र इतके लांबले.

नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, करजगाव, म्हणजे आपलाच मुलूख. शाळेत ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकवले जातात. जखमी पक्षिणीवरची त्यांची कविता पाठ असलेली माणसे अजून घराघरांत सापडतात. पण टिळकांना आयुष्यभर ज्या प्रश्नाने झोपू दिले नाही तो हाच चिठ्ठीतला प्रश्न होता, आणि त्याचे त्यांना सापडलेले उत्तर मात्र वर्गात कोणी उच्चारत नाही. जणू कवी एक आणि ख्रिस्ती झालेला माणूस दुसराच.

लहानपणीच घर सोडून ते नाशिकला गेले, संस्कृत शिकले, कीर्तने केली, शिक्षकी केली, एका गावात टिकले नाहीत. देशाचे कसे होणार, जातींनी चिरफाळलेला हा समाज एक कसा होणार, या विचाराने ते इतके पछाडले होते की स्वतःच एक नवा धर्म स्थापावा असेही त्यांच्या मनाने घेतले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, पण वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतले. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. जे दीन आहेत, जे शोक करतात, जे न्यायासाठी भुकेले आहेत त्यांना धन्य म्हणणारा असा कोणी त्यांनी पाहिला नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 

किंमत मोठी पडली. पत्नी लक्ष्मीबाईंपासून जवळजवळ पाच वर्षांची ताटातूट झाली. त्या दिवसांचे वर्णन लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त केले आहे आणि मराठीत त्याच्या तोडीचे आत्मचरित्र शोधूनच काढावे लागेल. नवऱ्यावरचा राग, माया, त्याच्या विक्षिप्तपणाची थट्टा, काही म्हणून त्या लपवत नाहीत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईच्या मनातली जातीची भिंत कशी पडली, तेही त्यांनी सांगितले आहे. कुणाच्या हातचे पाणी प्यायचे आणि कुणाच्या हातचे नाही, हे देवाने ठरवलेले नाही, माणसांनी ठरवले आहे, हे त्यांना उमगले तेव्हा कुठलाही पाद्री शेजारी बसून शिकवत नव्हता. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे उत्तर थोडक्यात असे होते: माणूस आहे तो देवाचे लेकरू म्हणून जगण्यासाठी, आणि देवाचे लेकरू म्हणून जगायचे तर दुसऱ्या माणसाचे भावंड होण्यावाचून इलाज नाही. हे त्यांनी साहेबी थाटात सांगितले नाही. अभंगात सांगितले, कीर्तनात उभे राहून सांगितले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघड म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला राहायला गेले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्यांनाही होती. यावर चर्चमधल्या लोकांनी भुवया उंचावल्या. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

पगार सोडलेला पंचावन्न वर्षांचा माणूस. आमच्या एसटी थांब्यावरच्या गृहस्थांच्याच वयाचा म्हणा. एकाची नोकरी गेली, दुसऱ्याने सोडली. पण दुसऱ्यापाशी सकाळी उठून जाण्याचे ठिकाण होते.

याच वाटेने चाललेल्या पंडिता रमाबाईंविषयी इथे लांबण लावत नाही, त्यांच्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. एवढेच, की १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ज्या मुलीने आईबाप गमावले, तिनेच १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन टाकलेल्या, भुकेल्या शेकडो मुली उचलून आणल्या आणि केडगावला त्यांचे घर उभे केले. न्यायाच्या दिवशी राजा विचारील तो प्रश्न, मत्तयच्या शुभवर्तमानातला, रमाबाईंनी अगदी सरळ अर्थाने घेतला होता: मी भुकेला होतो तेव्हा तू काय केलेस?

ख्रिस्ती उत्तराचा गाभा मुलांना एका गोष्टीत सांगायचा तर दाभोळच्या मुलांना योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवट सांगावा. येशूला क्रूसावर मारून झालेले आहे. तो उठला आहे हे शिष्यांनी पाहिले आहे, पण पुढे काय करायचे ते त्यांना सुचत नाही. सगळे मोठे बेत संपलेले. मग त्यांतला पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणतात, आम्हीही येतो. रात्रभर जाळी टाकतात आणि काही मिळत नाही. रिकामी होडी घेऊन पहाटे परतणाऱ्या माणसाचे तोंड कसे होते, ते इथल्या धक्क्यावर लिलावाला पाटी घेऊन बसलेल्या बाईला विचारावे. ती एका नजरेत ओळखते, विचारतही नाही. काठावर एक माणूस उभा असतो. तो सांगतो, उजव्या बाजूला टाका. जाळे इतके भरते की ओढवत नाही. एकशे त्रेपन्न मासे, कोणीतरी ते मोजलेही आहेत. काठावर आले तर निखारे फुललेले, त्यावर मासळी भाजत घातलेली, बाजूला भाकर. काठावरच्या माणसापाशी मासळी आधीपासूनच होती. त्याला त्यांच्या माशांची गरज नव्हती, तरी तो म्हणतो, तुम्ही धरलेल्यातलेही थोडे आणा. आणि मग, या, न्याहारी करा.

खाणे झाल्यावर तो पेत्राला विचारतो, माझ्यावर तुझी माया आहे का? तीनदा विचारतो, कारण पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते. पेत्र हो म्हणतो तेव्हा तो एवढेच सांगतो, की माझी मेंढरे सांभाळ. हा क्रम पाहावा. आधी बोलावणे, मग जेवण, मग प्रेमाचा प्रश्न आणि सगळ्यात शेवटी काम. आपल्या पडद्यावर नेमका उलटा क्रम असतो: आधी काम, ते जमले तर मान, आणि मग जमल्यास कोणाची तरी माया.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, पण दुःखाचे काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. हर्णै, आंजर्ले, केळशीच्या बाजूला दुपारपर्यंत पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ उत्पन्नाला यायला किती वर्षे लागतात ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. साठीतल्या माणसाने पुन्हा रोप लावायचे ते कोणासाठी? त्याला 'देवाची इच्छा' असे कोणी म्हणू नये. बायबलमध्ये ईयोबाचे पुस्तक आहे. त्याची गुरे, मुले सगळे जाते आणि मित्र येऊन त्याला कारणे समजावतात. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या कारणे सांगणाऱ्या मित्रांवर. वादळ का आले याचे उत्तर ख्रिस्ती माणसापाशीही नाही. करवत घेऊन कोणाच्या बागेत जायचे, एवढे त्याला कळायला हवे. त्या जूनमध्ये ते कळलेली माणसे सगळ्याच धर्मांची होती.

आता आपली अडचण. शाळेत धर्म आणला तर तक्रार होईल, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेत त्याला बसण्याची कोणावर सक्ती करता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पण २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकवणे आणि एखाद्या धर्माचे शिक्षण देणे यांत फरक केला. पहिल्याला आडकाठी नाही. उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. दापोलीच्या मिशन शाळेच्या बाकांवर धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे शिकले, पालगडचे साने गुरुजी शिकले. दोघांच्याही कानांवर बायबल पडले असणार. एक हिंदू धर्मशास्त्राचा जगन्मान्य पंडित झाला, दुसऱ्याने मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले. दुसऱ्याचे उत्तर ऐकून कोणाचे स्वतःचे हरवले नाही.

म्हणून विनंती अशी. नववीच्या वर्गाला वर्षातून एकदा, जोडून आलेले दोन तास द्यावेत. त्या तासांना गुण नसावेत, चाचणी नसावी. चिठ्ठीतला प्रश्न फळ्यावर लिहावा आणि गावातल्याच माणसांना बोलवावे: एखादा वारकरी, एखादे मौलवी, एखादा बौद्ध उपासक, एखादा देव न मानणारा कार्यकर्ता, आणि मिळाला तर एखादा ख्रिस्ती. प्रत्येकाने, मी कशासाठी, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यातून द्यावे. उपदेश करू लागला तर त्याला थांबवण्याचा अधिकार वर्गप्रमुखाला असावा. ग्रंथालयात 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत असावी आणि ती कपाटात कुलूपबंद नसावी. आणि टिळकांची कविता शिकवताना ते करजगावचे होते आणि ख्रिस्ती होते, ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात सांगितली जावीत. लेखकाला बोलावले तर तो तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत स्वखर्चाने येईल, निखाऱ्यावरच्या मासळीची गोष्ट सांगेल आणि आल्मेइदाचीही सांगेल.

चिठ्ठीची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. अक्षरावरून ती कोणाची हे काही शिक्षकांच्या लक्षात येऊ शकेल. आले तरी कृपया त्या मुलीला बोलावून विचारू नये. मूळ चिठ्ठी लेखकाकडे आहे, पुस्तकात ठेवलेली.

आपला,
दाभोळचा एक निवृत्त शिक्षक